पिंजऱ्याचं दार पडल्यानंतर

घरात उंदीर फार झाले की माळ्यावरचा पिंजरा खाली येतो. आतल्या आकड्याला भज्याचा किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवला जातो. रात्री कधीतरी खाडकन आवाज होतो आणि सकाळी घरातलं कोणीतरी तो पिंजरा हातात धरून पलीकडच्या गल्लीत, नाल्याकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर जातं. दार वर उचललं की उंदीर धूम ठोकतो. मारण्याचं पाप लागलं नाही आणि घरातला त्रासही गेला, अशा दुहेरी समाधानात माणूस परततो. पलीकडच्या गल्लीला मात्र एक उंदीर जास्त मिळालेला असतो. त्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू बाहेर पडत असतील, तर तेही त्या गल्लीला मिळालेले असतात.

उंदराच्या जागी बिबट्या, माकड किंवा कुत्रं आलं, तरी आपला विचार फारसा बदलत नाही. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलं आणि एक वृद्धा मृत्युमुखी पडल्या. संतापलेल्या गावकऱ्यांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. ‘पिंजरे लावा’ ही मागणी झाली आणि सरकारनेही पिंजऱ्यांची संख्या वाढवण्याचं जाहीर केलं. ज्यांच्या घरातलं लेकरू गेलं त्यांना दुसरं काही सुचणं शक्यही नव्हतं. प्रश्न आहे तो त्यानंतरचा. दार पडलं, जनावर आत अडकलं, आता ते न्यायचं कुठे? या प्रश्नाचं चुकीचं उत्तर किती महागात पडतं आणि बरोबर उत्तराने काय साधतं, या दोन्ही गोष्टी एकाच प्राण्याच्या बाबतीत तपशीलवार नोंदल्या गेल्या आहेत. तो प्राणी म्हणजे अमेरिकेतला रॅकून.

केसाळ कातडीचा पाहुणा

रॅकून आकाराने आपल्या मोठ्या बोक्याएवढा किंवा त्याहून थोराड असतो. डोळ्यांभोवती काळा पट्टा, शेपटीवर कडी, आणि पुढचे पंजे असे की डब्याचं झाकणही उघडावं. त्याची दाट केसाळ कातडी म्हणजे फर. तिच्यासाठी उत्तर अमेरिकेत शतकानुशतकं त्याची शिकार झाली. १९२० च्या दशकात तिथल्या कॉलेजकुमारांमध्ये रॅकूनच्या कातडीचे लांब कोट घालण्याची टूमच होती. कातडीखेरीज शिकारी कुत्र्यांना मागावर सोडून रात्री रॅकून हेरणं हा दक्षिणेकडच्या राज्यांतला जुना छंद आहे.

त्याला पकडण्याच्या दोन पद्धती होत्या. एक लोखंडी जबड्याचा सापळा, जो पाय चिरडतो. दुसरा तारेच्या जाळीचा पिंजरा. त्यात माशाचं किंवा गोडाचं आमिष ठेवतात. आतल्या पट्टीवर पाय पडला की मागचं दार खाली येतं. प्राणी जिवंत आणि बहुधा धडधाकट हाती लागतो. जबड्याच्या सापळ्यापेक्षा हा पिंजरा नक्कीच दयाळू आहे. चुकून मांजर अडकलं तर सोडून देता येतं. पण जिवंत पकडलेलं जनावर दूरवर नेता येतं, आणि धोका तिथेच सुरू होतो.

१९७७ : एका राज्यातला आजार दुसऱ्या राज्यात

रेबीज म्हटलं की आपल्यासमोर पिसाळलेलं कुत्रं येतं. अमेरिकेत कुत्र्यांमधला रेबीज लसीकरणाने जवळपास संपला, तरी जंगली प्राण्यांमध्ये तो टिकून राहिला. कोल्हे, स्कंक, वटवाघळं आणि रॅकून अशा प्रत्येक प्राण्यात विषाणूचा एकेक वेगळा प्रकार रुजलेला आहे. प्रयोगशाळेत विषाणू तपासून तो मूळचा कोणत्या प्राण्यातला हे सांगता येतं. रॅकूनचा प्रकार १९४० च्या दशकात फ्लोरिडात लक्षात आला. तिथून तो जॉर्जिया आणि शेजारच्या राज्यांत सरकायला काही दशकं लागली.

आणि मग १९७७ मध्ये तो शेकडो किलोमीटर उत्तरेला, व्हर्जिनियाच्या सीमेजवळ, वेस्ट व्हर्जिनियातल्या एका डोंगराळ काउंटीत सापडला. मधल्या प्रदेशात त्याचा मागमूस नव्हता. रॅकून स्वतःच्या पायांनी इतकं अंतर तोडत नाही, त्यामुळे उत्तर माणसांत शोधावं लागलं. त्या काळात शिकारी क्लब आपल्या भागातली शिकार कमी झाली की दक्षिणेकडून जिवंत रॅकून मागवत. फ्लोरिडात पिंजऱ्यांत पकडलेले हे प्राणी ट्रकने उत्तरेकडे जात आणि तिथल्या रानात सोडले जात. अशा पाठवणीतल्या रॅकूनमध्ये रेबीज आढळल्याचं १९७९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्धही झालं. विषाणू उत्तरेला पोहोचला तो या वाहतुकीतून, हा निष्कर्ष आज सर्वमान्य आहे.

पकडताना हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्याचं कारण रेबीजच्या स्वभावात आहे. चावा झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडे, कधी कित्येक महिने जातात. विषाणू जखमेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत असतो आणि प्राणी मात्र खातो, पितो, पळतो. जिवंत जनावरात या टप्प्यावर रेबीज खात्रीने ओळखेल अशी तपासणी नाही. पक्कं निदान मेल्यानंतर मेंदूच्या तपासणीतच होतं. पिंजऱ्यातलं जनावर तुकतुकीत दिसतं म्हणून ते निरोगी आहे, असं कोणताही पशुवैद्य छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पुढची पंधरा-वीस वर्षं ही साथ दरवर्षी साधारण तीस-चाळीस किलोमीटर पुढे सरकत राहिली. मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी अशी राज्यं ओलांडत ती १९९० मध्ये न्यूयॉर्क राज्यात आली. १९९३ या एका वर्षात त्या राज्यात अडीच हजारांहून अधिक जनावरं रेबीजबाधित आढळली.

माणसांनी मोजलेली किंमत

या साथीत माणसं फार मेली नाहीत. रॅकूनच्या विषाणूने झालेला पहिला मानवी मृत्यू अमेरिकेत नोंदला गेला तो थेट २००३ मध्ये, व्हर्जिनियात. पण मृत्यू टळले ते आपोआप नव्हे. चावा किंवा संशयित संपर्क झालेल्या प्रत्येकाला वेळेवर लस आणि प्रतिपिंडं दिली गेली म्हणून टळले.

न्यू हॅम्पशायर राज्यातली १९९४ ची घटना त्याचा अंदाज देते. प्राणी विकणाऱ्या एका दुकानातलं मांजरीचं पिल्लू मेलं आणि त्याच्या मेंदूत रॅकूनच्या प्रकारचा विषाणू सापडला. दुकानात येऊन कोणी कोणी पिल्लांना हात लावला, कोणाला ओरखडे आले, हे नेमकं सांगता येईना. अखेर सुमारे ६६५ जणांना रेबीजचे उपचार द्यावे लागले. एका तळहाताएवढ्या पिल्लामुळे झालेला खर्च दहा लाख डॉलरच्या पुढे गेला.

दुसरी घटना डॉक्टरांना अधिक अस्वस्थ करणारी आहे. २०११ मध्ये फ्लोरिडातल्या रुग्णालयात एका विशीतल्या तरुणाचा मेंदूच्या आजाराने मृत्यू झाला. माशातून विषबाधा झाली असावी असा डॉक्टरांचा समज होता. नातेवाइकांच्या संमतीने त्याची दोन्ही मूत्रपिंडं, यकृत आणि हृदय चार रुग्णांना बसवण्यात आलं. सुमारे दीड वर्षाने त्यांपैकी मूत्रपिंड मिळालेला एक रुग्ण मेरीलँडमध्ये रेबीजने दगावला. त्याचा कोणत्याही प्राण्याशी संबंध आलेला नव्हता. विषाणू निघाला रॅकूनच्या प्रकारचा. मग जपून ठेवलेले दात्याचे नमुने तपासले, त्यातही तोच विषाणू होता. घरच्यांकडे चौकशी केल्यावर कळलं की तो तरुण नॉर्थ कॅरोलायनात रॅकून पकडायचा, कुत्र्यांना शिकारीचं शिक्षण देण्यासाठी जिवंत रॅकून वापरायचा, आणि त्याला रॅकून किमान दोनदा चावला होता. एकदाही तो दवाखान्यात गेला नव्हता. उरलेल्या तिघांना ताबडतोब लस आणि प्रतिपिंडं दिली गेली आणि ते वाचले.

यात त्या तरुणाने जे केलं ते आपल्याकडेही रोज घडतं. जंगली जनावराशी ज्याचा नेहमीचा संबंध असतो, त्याला लहानसा चावा किरकोळ वाटू लागतो. आणि रुग्ण शुद्धीत असताना डॉक्टरांनी ‘कोणतं जनावर चावलं होतं का?’ हा साधा प्रश्न विचारला नाही, तर पुढे तो विचारायला कोणी उरत नाही.

तोच पिंजरा, वेगळं काम

सीमेपलीकडे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हा विषाणू येणार हे तिथल्या वन्यजीव आणि आरोग्य खात्यांना आधीच दिसत होतं. टोरांटो शहरात १९८० च्या दशकापासूनच स्कंक आणि रॅकून पिंजऱ्यात पकडायचे, लस टोचायची, कानाला बिल्ला लावायचा आणि पुन्हा सोडायचे, असा प्रयोग चालू होता. जुलै १९९९ मध्ये प्रांतात पहिला रुग्ण-रॅकून सापडला, तेव्हा ही यंत्रणा तयार होती.

योजना तीन कड्यांची होती. बाधित प्राणी सापडलेल्या जागेभोवती साधारण पाच किलोमीटरच्या कड्यात रॅकून आणि स्कंक पकडून मारले गेले. त्याबाहेरच्या पाच किलोमीटरमध्ये ते पकडून, लस टोचून सोडले गेले. त्याहीपलीकडच्या पट्ट्यात तोंडावाटे घ्यायची लस भरलेली आमिषं विमानातून टाकण्यात आली. आतल्या कड्यातला निर्णय कठोर होता आणि त्यावर टीकाही झाली. पण प्रांतभर सरसकट रॅकून मारण्याचा मार्ग कोणी धरला नाही. सप्टेंबर २००५ नंतर ओंटारिओत रॅकूनचा रेबीज आढळला नाही आणि पुढची दहा वर्षं प्रांत त्यापासून मुक्त राहिला.

या योजनेतला कळीचा भाग म्हणजे टोचलेला प्राणी जिथे पकडला तिथेच सोडणं. त्याचा तर्क सोपा आहे. रानाचा असो वा शहराचा, प्रत्येक तुकडा अन्न आणि आडोशाच्या हिशेबाने ठरावीक जनावरं पोसतो. एक उचललं की जागा रिकामी होते आणि शेजारचं किंवा नव्याने वयात आलेलं जनावर ती पटकावतं. ते कुठून आलं, आजारी आहे की नाही, कोणालाच माहीत नसतं. उलट लस टोचलेलं जनावर आपल्या जागेवर परतलं, तर ते दुसऱ्याला शिरू देत नाही. विषाणूच्या वाटेत ते जिवंत कुंपण होऊन उभं राहतं. आजही ओंटारिओत घरमालकाने रॅकून पकडला, तर तो २४ तासांत आणि पकडल्या जागेच्या एक किलोमीटरच्या आतच सोडावा असा नियम आहे.

हे कुंपण किती नाजूक असतं, हे डिसेंबर २०१५ मध्ये कळलं. हॅमिल्टन शहरात पुन्हा रेबीजचा रॅकून सापडला. विषाणूची जनुकीय रचना तपासली, तर तो सुमारे पाचशे किलोमीटर दूरच्या, न्यूयॉर्क राज्याच्या आग्नेय भागातल्या विषाणूशी जुळला. एखादा रॅकून मालवाहू गाडीत शिरून आला असावा, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. त्या एका प्रवासानंतर या भागात शेकडो जनावरं बाधित आढळली आणि सगळी मोहीम पुन्हा उभारावी लागली.

आपल्याकडचे पिंजरे

महाराष्ट्रात रॅकून नाहीत, पण रिकाम्या जागेचा नियम इथेही लागू आहे. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात उसाच्या पट्ट्यातले बिबटे पिंजऱ्यात पकडून जंगलांत सोडण्याची मोहीम झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळातल्या २९ बिबट्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोहिमेपूर्वी या विभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मोहीम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. बिबटे सोडलेल्या जागांच्या आसपासही हल्ले झाले.

यामागची कारणं समजण्यासारखी आहेत. घरचा परिसर सुटलेला बिबट्या अनोळखी मुलखात भुकेला, बिथरलेला भटकतो. जाळीशी झुंजताना सुळे आणि नखं तुटली असतील, तर त्याला पूर्वीसारखी शिकार जमत नाही. मागे राहिलेल्या जागेत दुसरे बिबटे येतात. म्हणून माणसावर खरोखर हल्ला करणाऱ्या बिबट्यासाठी पिंजरा आवश्यकच आहे आणि अशा बिबट्याला पुन्हा न सोडणंही आवश्यक आहे. पण केवळ दिसला म्हणून पकडलेला बिबट्या दुसऱ्या तालुक्याच्या जंगलात नेऊन सोडणं म्हणजे उंदराचा पिंजरा पलीकडच्या गल्लीत उघडण्यासारखंच. जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रासारख्या जागाही अमर्याद नसतात.

कोकणात माकडांचा प्रश्न आहे. बागायतदारांचं नुकसान खरं आहे आणि माकडं पकडून दूर सोडण्याची मागणीही जुनी आहे. इथे सावध राहायला हवं ते गोचिडींबद्दल. क्यासनूर जंगल रोग, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला ‘माकडताप’, गोचिडी चावल्याने होतो. १९५७ मध्ये तो कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. अलीकडच्या काळात तो गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोहोचला. माकडाच्या अंगावर गोचिडी असतात. माकड हलवलं की त्याही हलतात. ताप असलेल्या पट्ट्यातून माकडं दुसरीकडे नेण्यापूर्वी आरोग्य खात्याला विचारणं म्हणूनच गरजेचं आहे.

भटक्या कुत्र्यांच्या वादाचं मूळही याच प्रश्नात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवारागृहात ठेवायला सांगितलं. काही दिवसांतच तो आदेश बदलून, रेबीजची लागण झालेली आणि आक्रमक कुत्री वगळता इतर कुत्री निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याच भागात सोडावीत असं ठरवलं. नोव्हेंबरमध्ये मात्र शाळा, रुग्णालये, स्थानके अशा आवारांतली कुत्री हलवून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. रुग्णालयाच्या व्हरांड्यात कुत्र्यांचा वावर नसावा, याबद्दल दुमत होण्याचं कारण नाही. पण देशात दरवर्षी रेबीजने होणाऱ्या मृत्यूंचा आयसीएमआरच्या अभ्यासातला ताजा अंदाज सुमारे ५,७०० आहे, आणि हा आकडा खाली आणण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे : दर शंभरातल्या किमान सत्तर कुत्र्यांना लस टोचलेली असणं. गोव्यात हेच केलं गेलं. जाळ्यात कुत्रं पकडायचं, जागेवरच लस टोचायची, रंगाची खूण करायची आणि तिथेच सोडायचं, अशी मोहीम घरोघर, गल्लोगल्ली राबवली. सलग तीन वर्षं मानवी रेबीजची नोंद झाली नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं.

पिंजरा लावण्याआधी

गावात पिंजरा लावायची मागणी होईल तेव्हा ग्रामसभेने वनखात्याला चार प्रश्न विचारावेत. पकडायचं ते नेमकं कोणतं जनावर, आणि हल्ला त्यानेच केला हे कशावरून? अडकलेलं जनावर किती तासांत, कोण येऊन पाहणार? ते पुढे कुठे जाणार? आणि ते गेल्यावर रिकाम्या जागेत दुसरं येऊ नये म्हणून उघड्यावरचा कचरा, कोंबड्यांचे अवशेष, मोकळी कुत्री आणि वस्तीलगतचा उसाचा आडोसा यांचं काय होणार? चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा गावाकडेच असतं.

पिंजऱ्याभोवती गर्दी करणं, जाळीतून हात घालणं, अडकलेल्या जनावराबरोबर फोटो काढणं धोक्याचं आहे. प्राणी पकडणारे कर्मचारी आणि त्यांना मदत करणारे गावातले तरुण यांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवायला हवी.

तरीही चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. या एका गोष्टीने बरेचसे विषाणू तिथेच निघून जातात. हळद, चुना, मिरची, तेल काहीही लावू नये. टाके घालण्याची घाई करू नये. जंगली जनावराचा कोणताही चावा, लहान दिसला तरी, सर्वांत गंभीर गटातला मानतात. त्यात लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं. सरकारी रुग्णालयांत कातडीत टोचली जाणारी लस पहिल्या दिवसापासून मोजून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी मोफत मिळते. पहिल्या दोन टोचण्यांनंतर जखम भरली म्हणून पुढच्या चुकवू नयेत. जखम भरली तरी विषाणूचा मेंदूकडे प्रवास चालू असू शकतो, आणि लक्षणं दिसल्यावर रेबीजवर खात्रीचा उपचार आजही नाही.

आणि पुढे कधीही, कितीही दिवसांनी, ताप किंवा मेंदूच्या विकाराने दवाखान्यात जावं लागलं, तर तो चावा डॉक्टरांना आठवणीने सांगावा. फ्लोरिडातल्या त्या तरुणाबद्दल एवढं एक वाक्य वेळेवर कोणी सांगितलं असतं, तर मेरीलँडमधल्या रुग्णाचा जीव वाचला असता.